निशाणी वाकस

माणूस निवृत्त झाला की त्याला दोन गोष्टी हमखास होतात. एक मधुमेह आणि दुसरी खेड्याची ओढ. पहिलीवर निदान गोळ्या तरी निघाल्या आहेत. दुसरीवर आमच्या हिच्या मते एकच औषध आहे, ते म्हणजे रोग्याला आठ दिवस खरोखरच खेड्यात नेऊन ठेवणे.

मला दोन्ही झाल्या. १९७९ साली मी बँकेत चिकटलो आणि २०१७ साली निवृत्त झालो. ह्या अडतीस वर्षांत मी मुख्यतः एकच काम केलं, ते म्हणजे लोकांच्या सह्या पाहिल्या. चेकवरची सही आणि नमुना-कार्डावरची सही शेजारी शेजारी धरायच्या, चष्मा नाकावर खाली ओढायचा आणि काउंटरपलीकडच्या माणसाला म्हणायचं, "जुळत नाही." माणूस तोच असतो, समोर घाम पुसत उभा असतो, पण सही जुळत नाही म्हटल्यावर तो तो नसतो. हा वेदान्त मी पगार घेऊन अडतीस वर्षं सांगितला.

कऱ्हाडच्या पलीकडे आमचं एक लहानसं गाव आहे. तिथं दोन खणांचं घर, पुढे ओसरी, मागे परसात एक शेवगा. वडील गावचे सुतार. हाताला विलक्षण गुण, पण एक खोड होती. कुणी काही काम घेऊन आला की हातातली तासणी न थांबवता ते म्हणायचे, "परवा ये." हा परवा कोणत्याच पंचांगात सापडत नसे. वडील १९९६ साली गेले. आता त्या घरात आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, राहतात. ते शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि माझ्या तब्येतीची काळजी करतात.

तर त्या घरात जाऊन राहायचं, असं मी ठरवलं. पहाटे कोंबड्याच्या आरवण्यानं उठायचं, ओसरीवर बसून उन्हं अंगावर घ्यायची, चुलीवरची भाकरी खायची...

"ती भाकरी करणार कोण?" आमची ही म्हणाली.

खेड्याच्या स्वप्नावर एवढा मूलभूत प्रश्न आजवर कुठल्याही विचारवंतानं विचारला नसेल. मी तो विनम्रपणे बाजूला ठेवला आणि घराच्या नावाकडे वळलो. नाव मी मनाशी ठरवलं होतं, 'माती'.

"माती?" ही म्हणाली, "केलीत तेवढी पुरे नाही का झाली?"

ह्या वेळी चिरंजीव घरात होते. ते कॉम्प्युटरमध्ये काम करतात, म्हणजे नेमकं काय करतात ते मला सहा वर्षांत समजलेलं नाही. ते म्हणाले, "बाबा, नुसत्या नावाची पाटी काय लावता? लोगो करू या. तुमचा स्वतःचा. पाटीवर, पत्रावर, पुढेमागे आंब्याच्या पेटीवरही टाकता येईल." आमच्याकडे आंबा नाही, शेवगा आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. तरुण माणसांच्या उत्साहावर पाणी टाकू नये.

लोगो काढायला पूर्वी चित्रकार लागत. तो चहा प्यायचा, सिगारेट ओढायचा आणि तीन महिन्यांनी आपल्याला हवं होतं त्याहून भलतंच काढून आणायचा. आता हे काम कृत्रिम बुद्धिमत्ता करते. ती चहा पीत नाही आणि भलतं काढायला तिला तीस सेकंद पुरतात. चिरंजिवांनी इंग्रजीत टाइप केलं, 'ग्रामीण जीवनाचं स्वप्न दाखवणारा लोगो.' तीस सेकंदांनी पडद्यावर लाल रंगाचं उतरत्या छपराचं धान्याचं कोठार आलं, पांढरं लाकडी कुंपण आलं, पवनचक्की आली आणि काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची एक धष्टपुष्ट गाय आली. ती परदेशी दुधाच्या डब्यावरून थेट आमच्याकडेच आलेली दिसत होती.

"भारतीय खेडं म्हण," मी म्हटलं.

मग एक शेतकरी आला. फेटा लग्नाच्या बँडवाल्यासारखा, मिशा महाराजांसारख्या, धोतर इस्त्रीचं. बैल दोन, पाय मोजले तर सात. खाली 'माती' लिहायला सांगितलं होतं. मशीननं 'म'चा काना 'त'च्या डोक्यावर ठेवला आणि वेलांटी बैलाच्या शिंगात अडकवली.

"असं का करतं हे?" मी विचारलं.

चिरंजिवांनी समजावून सांगितलं. ह्या यंत्रांना कुणी चित्रकला शिकवलेली नसते. त्यांना चित्रं आणि त्याखालचे मथळे अशा जोड्या दाखवलेल्या असतात. २०२२ साली जाहीर झालेल्या अशा एका साठ्यात साडेपाच अब्जांहून जास्त जोड्या होत्या, सगळ्या इंटरनेटवरून वेचलेल्या. मग यंत्र काय करतं, तर आधी नुसते ठिपके पसरतं, अगदी पूर्वी टीव्हीवरचं केंद्र बंद झालं की मुंग्या दिसायच्या तसे. आणि त्या मुंग्या हळूहळू पुसत पुसत त्यातून मथळ्याला शोभेल असं काहीतरी बाहेर काढतं. म्हणजे मुंग्यांतून बैल. साडेपाच अब्ज चित्रांत खेडं म्हणजे काय, तर ज्यांनी फोटो काढून इंटरनेटवर टाकले त्यांचं खेडं. आमच्या गावच्या ओसरीचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही. तात्यांच्या ओसरीवर काढण्यासारखं काही आहे, असं गावात कुणाला वाटतही नाही.

मला वाटलं, आपणच ठरवावं की काढायचं काय. माणसानं स्वतःची म्हणून खूण कधीपासून केली, हे पाहू या. अडतीस वर्षं लोकांच्या सह्या तपासल्या, आता सहीच्या आजोबांची चौकशी करू.

सुरुवात फारच लांबून झाली. १९२४ साली जॉन मार्शल ह्यांनी हडप्पा आणि मोहेंजोदडोचा शोध जगाला जाहीर केला. त्यात त्या प्रसिद्ध मुद्रा होत्या. इंचभराची चौकोनी दगडी वडी, पाठीमागे दोरी ओवायला भोक, पुढे एखादं जनावर आणि वर चार-पाच अक्षरं. ती अक्षरं अजून कुणाला लागलेली नाहीत. जनावरांत सर्वांत जास्त वेळा येतो तो एक शिंगाचा बैलासारखा प्राणी, जो जगात कधी नव्हता. म्हणजे नसलेला बैल काढणं ही काही यंत्राचीच मक्तेदारी नाही, हे वाचून मला जरा बरं वाटलं. लोथलला मातीवर उमटलेले असे ठसे सापडले. त्यांच्या मागच्या बाजूला कापडाची वीण आणि दोरीची गाठ उमटलेली आहे. मालाच्या गाठोड्यावर ओली माती थापून कुणीतरी शिक्का मारला होता. चार हजार वर्षांपूर्वीचं ते पार्सल होतं. शिक्का म्हणजे 'हे माझं आहे आणि कुणी उघडलं तर मला कळेल.'

मग शिवाजी महाराजांची राजमुद्रा. ती अष्टकोनी. आदिलशाही, निजामशाहीच्या शिक्क्यांवर फारसी चालत होती, त्या काळात ही संस्कृतात. तिच्यात प्रतिपदेच्या चंद्रकोरीची उपमा आहे, दिवसेंदिवस वाढत जाणाऱ्या. पण गंमत बघा, मुद्रेवर चंद्र कुठेच काढलेला नाही. नुसत्या शब्दांनी तो उगवतो. आजच्या कुठल्याही लोगोवाल्यानं तिथे पिवळी कोर काढून ठेवली असती आणि वर तिचं बिल लावलं असतं. पत्राच्या शेवटी दुसरा एक लहान शिक्का असे, मर्यादेचा. इथे मजकूर संपला, ह्याच्यापुढे कुणी एक ओळ घुसडू नये म्हणून. आपण 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो त्यातलं मोर्तब ते. आम्ही बँकेत आकड्याच्या शेवटी 'फक्त' लिहून दोन रेघा मारायचो, तो त्याच घराण्यातला.

पण हे सगळं राजेरजवाड्यांचं आणि सावकारांचं. माझ्यासारख्या माणसाचं काय? हे शोधायला मी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसू लागलो. १९१० साली स्थापन झालेली ही संस्था. तिथे राजवाड्यांनी १८९८पासून छापायला घेतलेले 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड आहेत. एकूण बावीस. आमच्या हिला वाटलं मी वाचन वाढवलं. खरं म्हणजे तिथे पंखा चांगला होता.

आणि तिथे मला निशाणी भेटली.

तेव्हा गावात वतनाचा, शिवेचा, पाटीलकीचा तंटा झाला की गोतसभा बसत असे. गावचा पाटील, कुलकर्णी, आसपासच्या गावचे वतनदार, बारा बलुतेदार, सगळे जमत. साक्षी होत, निवाडा होई आणि त्याचा कागद होई. त्याला म्हणायचं महजर. लिहिणार कुलकर्णी किंवा असाच कुणी लेखणीवाला. बाकीच्यांपैकी बहुतेकांना अक्षर येत नसे. मग त्यांनी मान्यता द्यायची कशी? तर ज्याचं जे हत्यार, ती त्याची निशाणी. पाटलाच्या, कुणब्याच्या नावाशी नांगर. वाण्याउदम्याच्या नावाशी तराजू. न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी, चांभाराची आरी, महाराचा विळा आणि दोर. कागदाच्या तळाशी सगळा गाव आपापलं सामान घेऊन उभा. छापील खंडांत ती चित्रं बहुधा येत नाहीत, नुसतं 'निशाणी नांगर' असं येतं. पण मला ती ओळ वाचून अंगावर काटा आला. बँकेत मी हजारो सह्या पाहिल्या, झोकदार, खाली दोन टिंबं दिलेल्या. एकीवरूनही मला कळलं नव्हतं की हा माणूस दिवसभर करतो काय.

आता ह्या चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती खेड्याची ओढ लागलेल्या माणसाला सहसा दिसत नाही. आरसा ही न्हाव्याची खूण खरी, पण त्याच्या पोराचीही तीच आणि नातवाचीही. हत्यार माणूस निवडत नव्हता, हत्यार माणसाला जन्मतःच धरून ठेवत होतं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, त्यात हा सगळा कारभार बैजवार आहे. विळा-दोर ज्यांच्या वाट्याला आला त्यांना तर रात्री-अपरात्री कुणीही हाक मारावी. १९२८ साली बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनात सुधारणा करण्यासाठी मुंबईच्या कायदे मंडळात विधेयक आणलं ते उगीच नाही. कागदाच्या तळाशी सगळा गाव उभा असला तरी सगळे एका ओळीत उभे नव्हते.

पण हे शहाणपण मला पुढे सुचलं. त्या दिवशी मी पंख्याखाली बसून एवढंच ठरवलं की आपला लोगो नांगर. अस्सल, ऐतिहासिक, साधार. घरी येऊन चिरंजिवांना सांगितलं. त्यांनी आठ-दहा वेळा यंत्राला डिवचून शेवटी एक बरा नांगर काढला. बैलांचे पायही आठावर आणून दिले. सोनेरी रंग, मागे सूर्य. मी तो मोबाइलमध्ये घेतला आणि गावी गेलो.

तात्यांनी मोबाइल हातभर लांब धरला. बराच वेळ पाहिलं.

"बैलं बरी हायती," ते म्हणाले. "पर ह्यो कशाचा नांगर म्हनायचा?"

"का? काय झालं?"

"आरं, ह्येला रुमणी दोन हायती. आपल्या नांगराला रुमणं एक. एका हातानं रुमणं धरायचं, दुसऱ्या हातात आसूड. दोनी हात हितं गुतल्यावर बैलं हाकणार कोण? तुजा बाप?"

"माझा बाप बैलं हाकत नव्हता, तात्या. नांगर करत होता."

"तर मग!" तात्या म्हणाले. "त्येच म्हंतोय म्या. नांगर आपला न्हवंच. नांगर पाटलाचा. आपण करून द्यायचा, त्यानं धरायचा. आपल्याला रान कुठं हुतं? बलुतं हुतं. खळ्यावर जायचं, पाटी भरून घ्यायची. आपला वाकस."

मी गप्प बसलो. गेले सहा महिने मी पहाटे उठून शेतावर फेरी मारायची स्वप्नं पाहत होतो. ते शेत आमचं कधी नव्हतंच. आम्ही लोकांच्या स्वप्नांना रुमणं बसवून देणारे. खेड्याकडे परत जायचं म्हणणारा मध्यमवर्गीय माणूस बहुधा पाटलाच्या वाड्यातच परत जातो. बलुतेदाराच्या दोन खणांत परत जायचं स्वप्न कुणाला पडत नाही. चिरंजिवांच्या यंत्राला मी उगीच हसलो. त्यानं कुणा दुसऱ्याचं खेडं काढलं, मीही तेच केलं.

"तुम्हाला हे वाकसाचं कुणी सांगितलं?"

"आज्यानं. तुज्या पणज्यानं," तात्या म्हणाले. "आज्या चावडीवर वाकसच काढायचा. आमा दोगांस्नीबी शिकिवलं हुतं. धुळीत काडीनं काढून दावायचा. दादा माज्यापरीस झ्याक काढायचा. मान अशी घ्यायचा, बगळा पाणी पितोय जणू."

त्या बगळ्यापाशी मी अडखळलो.

१९८१ साली मी तालुक्याच्या शाखेत होतो. नोकरीला दोन वर्षं झालेली, पँटची इस्त्री मोडू नये म्हणून उभ्यानंच काम करायचो. वडील खातं उघडायला आले. स्वच्छ धोतर, डोक्याला पटका. साहेबांनीही उठून नमस्कार केला, मला केवढा अभिमान वाटला. मी फॉर्म भरला आणि नमुना-कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "इथं अंगठा." ते म्हणाले, "पेन दे की." मी दिलं. मला वाटलं, कुणाकडून तरी नाव गिरवायला शिकले असतील. त्यांनी चौकटीत एक तिरपी रेघ ओढली, तिच्या टोकाला एक खाली वाकलेली. वाकलेल्या रेघेला धार दिल्यासारखं हलकेच टोक काढलं. मान खाली घातलेला बगळा.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"चुकून झालं, सर," मी म्हटलं. कार्ड फाडून टोपलीत टाकलं, दुसरं घेतलं आणि शाईचं पॅड पुढे केलं. वडील काही बोलले नाहीत. अंगठा दिला. मग तो धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा पुसला. जाताना म्हणाले, "पक्की हाय रं तुमची शाई."

त्रेचाळीस वर्षं मी ते विसरून गेलो होतो. विसरण्यासारखंच होतं. रोज शेकडो अंगठे घ्यायचो.

पुण्याला परतल्यावर मी पुन्हा पंख्याखाली जाऊन बसलो. आता मला अंगठ्याची चौकशी करायची होती. ती सापडली बंगालात. १८५८ साली हुगळीकाठी जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा कंपनी सरकारचा अंमलदार होता. रस्त्याचा माल पुरवायचा करार त्यानं राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी केला. पुढे हा सही नाकारेल अशी त्याला धास्ती. म्हणून त्यानं कोनाईच्या तळहाताला शाई फासून पंजा कागदावर उमटवून घेतला. हेतू एवढाच की तो घाबरावा. हे हर्शेलनंच पुढे लिहून ठेवलं आहे. त्यातून बोटांच्या ठशांचं शास्त्र निघालं. १८९७ साली कलकत्त्यात जगातलं पहिलं बोटांच्या ठशांचं कार्यालय उघडलं. ठसे लावून ठेवायची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोन हिंदी कर्मचाऱ्यांचं डोकं होतं. पद्धतीला नाव मात्र साहेबाचं पडलं, हेन्री पद्धत. त्यांना निशाणी मिळाली नाही.

कायद्याच्या दृष्टीनं अंगठा निशाणीपेक्षा पक्का, हे मीही बँकवाला म्हणून मान्य करतो. वाकस कुणीही काढील, अंगठा एकाचाच. पण महजराच्या तळाशी हत्यार काढणारा सुतार कागदावर उमटवायचा तो 'मी काय करतो' हे. अंगठा देणारा उमटवतो ते 'मला काय येत नाही' हे. आपल्या दस्तांवर अजून लिहितात 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'. शब्द तोच राहिला, हातातलं हत्यार तेवढं काढून घेतलं. आणि मग आम्ही चार बुकं शिकलेल्यांनी त्या माणसाला नाव ठेवलं, अंगठेबहाद्दर.

ह्याच अंगठेबहाद्दरांचा चित्रावर किती भरवसा होता ते १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत दिसलं. जनगणनेप्रमाणे साक्षर जेमतेम अठरा टक्के. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चित्र. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, जनसंघाची पणती, कम्युनिस्टांचं कणीस-विळा. सगळा देश महजराच्या तळाशी उतरल्यासारखा. १९६९मध्ये काँग्रेस दुभंगली आणि पुढे त्या भांडणात बैलजोडी गोठ्यातच अडकली. १९७१ला गाय-वासरू आलं. लहानपणी बैलजोडीचे कागदी बिल्ले आम्ही सदऱ्याला लावून हिंडायचो. त्या बैलांचे पाय मात्र कुणी मोजले नव्हते.

शेवटी मी चिरंजिवांना म्हटलं, "नांगर राहू दे. वाकस काढ."

यंत्राला वाकस काही केल्या कळेना. पहिल्यांदा त्यानं हॉकीची काठी काढली. मग कुदळ. मग पाण्याचा नळ, तोही गळका. इंग्रजीतला शब्द शोधून दिला तर हातोडा आणि कुऱ्हाड एकमेकांवर तलवारीसारखी ठेवून वर मुकुट काढला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही काढा, मी फोटो घालतो, ते नीट करून देईल." मी काढला. बगळ्याची बदक झाली. सुताराच्या मुलाला वाकस काढता आला नाही, त्यात नवल काय? वडिलांनी मला वाकसाला कधी हात लावू दिला नव्हता. "तुज्या हाताला ह्याची सवय नगं," म्हणायचे. शाळेत पाठवताना त्यांना काय वाटत होतं, ते मला आता कळतं आहे. त्यांना निशाणी मोडायचीच होती. फक्त ती मोडायची त्यांच्या रीतीनं, मी कार्ड फाडलं त्या रीतीनं नव्हे.

पुढच्या खेपेला मी तात्यांपुढे सागवानी फळी आणि सुतारी पेन्सिल ठेवली. शहाऐंशीचा हात थरथरत होता. त्यांनी पेन्सिल जिभेला लावली, फळीवरची धूळ फुंकली आणि दोन रेघा ओढल्या. थरथर रेघेत उतरली नाही, कुठे गेली कोण जाणे. मग आत जाऊन वडिलांचं किंकरं आणलं. रेघांवरून कोरताना म्हणाले, "नाव कोरायचं न्हाई का?"

"नको," मी म्हटलं.

"बरं झालं," ही म्हणाली. "'माती' नको होतं मला."

फळी ओसरीच्या खांबाला ठोकली. चिरंजिवांनी फोटो काढला. म्हणाले, हा इंटरनेटवर टाकतो, पुढच्या यंत्रांना कळेल. साडेपाच अब्जांत एक.

फळी लावून चार दिवस झाले असतील. सकाळी मी ओसरीवर उन्हं खात बसलो होतो. ही आत गॅसवर भाकरी करत होती. तेवढ्यात वाडीवरचा एक म्हातारा खांद्यावर बाजेचा मोडका पाय घेऊन आला. खांबापाशी थांबला. फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दुकान पुन्यांदा सुरू केलंसा व्हय?" म्हणाला. "बरं झालं. येवडा पाय बसवून द्या."

तात्या दवाखान्यात गेले होते. मी तो पाय हातात घेतला. उलटासुलटा करून पाहिला. कूस पार तुटली होती. काय करायचं ते मला अजिबात समजेना.

म्हटलं, "परवा ये."